पाच जोडतारांचं वेड

सहावी तार नाहीच! बरोक, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपच्या, गिटारबद्दल बोलायला लागले की माझ्या तोंडून सगळ्यात आधी हेच बाहेर पडतं. ज्या जाडजूड, घुमणाऱ्या तारेच्या भरवशावर आजची गिटार उभी असते, ती तार या वाद्यात मुळातच नाही. बाकीच्या पाच तारांच्या जोड्या असतात, आणि त्यातली चौथी आणि पाचवी जोडी, निदान स्पेनमधल्या एका पद्धतीत, खाली न जाता चक्क एक सप्तक वर लावतात. म्हणजे सगळ्यात खालचा स्वर सापडतो मधल्या, तिसऱ्या तारेवर. खर्ज नसलेली गिटार! कशी वाजत असेल? ओंजळभर घुंगरू फरशीवर सांडावेत तशी. मी ती पहिल्यांदा ऐकली आणि त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नाही.

चंदीगडला नोकरीसाठी आले तेव्हा सामानात एक साधी नायलॉन तारांची गिटार होती. आठ-दहा कॉर्ड येत होत्या. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कुणी भावगीत गायला उभं राहिलं की मी मागे बसून साथ करायची, एवढाच माझा गिटारशी संबंध. मग एका हिवाळ्यात, बाहेर दाट धुकं आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी चाललेल्या असताना, एका सहकाऱ्याच्या गाडीत सांतियागो दे मुर्सियाचा ‘कुंबे’ लागला. मुर्सिया हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा स्पॅनिश गिटारवादक. या कुंबेची वही १९४३ साली गाब्रिएल साल्दीवार या संगीत-अभ्यासकाला मेक्सिकोतल्या लेओन शहरात सापडली. स्पॅनिश वसाहतींत गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या नाचाची लय त्यात भरलेली आहे. वाजवणारे मध्येच गिटारच्या अंगावर थाप मारतात, परत तारांवर येतात, आणि ऐकणाऱ्याचे पाय आपोआप हलायला लागतात. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मी म्हणत होते, ‘परत लाव, परत लाव!’

घरी येऊन शोधायला बसले आणि पहिलंच साल समोर आलं ते १६७४. रायगडावर शिवराज्याभिषेक झाला ते वर्ष! त्याच वर्षी स्पेनमधल्या सारागोसा शहरात गास्पार सान्स नावाच्या माणसाने स्पॅनिश गिटारवरचं आपलं शिकवणीचं पुस्तक छापलं. सालामांकाला धर्मशास्त्र शिकलेला आणि इटलीत जाऊन संगीत शिकून आलेला हा माणूस. त्याच वर्षी पॅरिसमध्ये फ्रान्चेस्को कोर्बेत्ता या इटालियन उस्तादाने आपला गिटारचा ग्रंथ चौदाव्या लुईला अर्पण केला. त्याच नावाचा आधीचा ग्रंथ त्याने तीन वर्षांपूर्वी इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला अर्पण केला होता. दोन्ही राजे स्वतः गिटार वाजवायचे! लुईच्या दरबारी रोबेर द व्हिझे होता, आणि रात्री राजा निजायला गेला की तो तिथे गिटार वाजवायचा. आपण इतिहासात ज्या काळाला ढाल-तलवारीच्या खणखणाटाने ओळखतो, त्याच काळात तिकडे ही नाजूक गिटार गाजत होती. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडे होती, तिथल्या चर्चमध्ये युरोपचं संगीत गायलं जात होतं. एखाद्या गलबतातून अशी एखादी गिटार कोकणच्या किनाऱ्याला उतरली असेल का, या नुसत्या कल्पनेनेच मला झोप लागत नाही.

आणि वाद्य दिसतं कसं! आजच्या गिटारपेक्षा लहान, कमरेत फार न दबलेलं, हलकं. पोटावरच्या भोकात चर्मपत्राची कोरीव जाळी बसवलेली. काही वाद्यांत ती जाळी एकाखाली एक थर करत आत उतरत जाते. व्हायोलिनवाला स्त्रादिव्हारी आपल्याला माहीत असतो; त्याने गिटारीही बनवल्या. १६७९ सालची त्याची ‘सबिओनारी’ आजही वाजवता येण्याजोगी आहे, आणि १६८८ ची एक ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात आहे. व्हर्मीरने १६७२ च्या सुमारास एक गिटार वाजवणारी मुलगी रंगवली. लंडनच्या केनवुड हाउसमध्ये ते चित्र आहे. त्यातल्या तारा जरा धूसर आहेत, कारण त्या नुकत्या छेडल्या गेल्या आहेत आणि थरथरताहेत!

पण मला खरं वेड लावलं ते तिच्या पडद्यांनी. आजच्या गिटारसारखी धातूची पट्टी लाकडात ठोकलेली नाही. पडदे म्हणजे मानेभोवती गुंडाळून गाठ मारलेली तात. आतड्याची. ते सरकवता येतात. मिरजेच्या सतारीचे पडदे दोऱ्याने बांधतात आणि सुरात बसेपर्यंत सरकवतात, ते ज्याने पाहिलं आहे त्याला यात परकं काय वाटणार? तारा तातीच्या, पडदे तातीचे. आपल्या सारंगीलाही तातच. तीनशे वर्षांपूर्वीचा युरोप आपल्या वाद्यांच्या किती जवळ होता!

आता एक गंमत दाखवते. सरगम या गिटारवर बोटांखाली येते तेव्हा काय होतं ते बघा. तिसऱ्या तारेच्या सुराला सा मानलं, तर सा म्हणजे तिसरी तार, मोकळी. रे म्हणजे पाचवी तार, मोकळी. ग म्हणजे दुसरी, मोकळी. म पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. प म्हणजे चौथी, मोकळी. ध म्हणजे पहिली, मोकळी. नी चौथीच्या चौथ्या पडद्यावर, आणि वरचा सा पहिलीच्या तिसऱ्या पडद्यावर. म्हणजे बिलावलचे आठ स्वर, त्यातले पाच मोकळ्या तारांवर, आणि शेजारशेजारचे स्वर कधीच एका तारेवर नाहीत! रे वाजतो आहे तोवर ग सुरू झालेला, ग विरायच्या आत म आला. कुठलाच स्वर मागच्याला गप्प करत नाही, सगळे एकमेकांच्या अंगावर रेलून वाजत राहतात. आजच्या गिटारवर हीच सरगम एक-दोन तारांवर वाजवली की स्वर टाकोटाक तुटतात. चौथी-पाचवी तार वर चढवण्याचं कारण मला इथे कळलं. तो खर्जाचा त्याग उगीच नव्हता. सान्सने त्याच्या पुस्तकात बोटांनी एकेक स्वर काढायला हीच पद्धत चांगली म्हटलं आहे. नुसत्या झंकारासाठी जाड तारा ठेवायला त्याची हरकत नाही.

आणि यासाठी बरोक गिटार हातात येईपर्यंत थांबायची गरज नाही. नायलॉन तारांची घरातली कुठलीही गिटार घ्या. सहावी तार काढून टाका. पाचवीच्या जागी आणखी एक दुसऱ्या नंबरची तार लावा आणि ती एक स्वर उतरवून ‘ए’ला आणा. चौथीच्या जागी आणखी एक पहिल्या नंबरची तार, तीही एक स्वर उतरवून ‘डी’ला. झालं! मी सेक्टर १७ च्या बाजारातून तारांचा एक जादा संच आणला आणि रात्री जेवायच्या आधी गिटार बदलून गेली. जोड्या नाहीत, आतडं नाही, जाळी नाही, पण ती सरगम जशीच्या तशी निघते. जाड तारांसाठी कोरलेल्या खाचेत बारीक तार जरा हलते, तेवढं चालवून घ्यायचं. सान्सचा ‘कानारिओस’ मी याच गिटारवर बसवते आहे. सहा मात्रांचा नाच. कधी तीन-तीनचे दोन भाग, कधी दोन-दोनचे तीन. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रा डोक्यात पक्क्या असल्या की ही अदलाबदल काय बहार आणते! स्पॅनिश संगीतकार होआकिन रोद्रिगोने १९५४ साली सान्सच्या याच चिजा घेऊन गिटारवादक सेगोव्हियासाठी ऑर्केस्ट्राबरोबरची रचना केली. अनेकांनी सान्सचं संगीत पहिल्यांदा तिथेच ऐकलं असेल. मूळ पाच तारांवर ऐकलंत तर मात्र ते कितीतरी चपळ आहे.

एवढ्यावर थांबले असते तर मी एकटीच खोलीत बसून खूश राहिले असते. पण ही गिटार एकटीने वाजवायचं वाद्य नाही! हे मला समजलं ते ‘आल्फाबेतो’मुळे. १६०६ साली जिरोलामो मोंतेसार्दो याने एक पुस्तक छापलं, त्यात प्रत्येक कॉर्डला एक अक्षर दिलेलं. ‘ए’ अक्षर म्हणजे आजची जी मेजर, ‘बी’ म्हणजे सी मेजर, ‘सी’ म्हणजे डी मेजर, ‘डी’ म्हणजे ए मायनर. आजच्या नावांशी काहीएक संबंध नाही, अक्षर म्हणजे फक्त बोटं कुठे ठेवायची त्याची खूण. ई मायनरला तर अक्षरच नाही, नुसती फुली! हात खाली मारायचा की वर, ते आडव्या रेघेच्या खाली किंवा वर काढलेल्या छोट्या काठ्यांनी दाखवलेलं. संपलं शिक्षण. यानंतर इटलीत गाण्यांच्या वह्यांमागून वह्या निघाल्या आणि शब्दांवर ही अक्षरं छापलेली असायची. काप्सबेर्गरची १६१० ची रोममधली व्हिलानेल्लेची वही, बिआजो मारिनीची १६२२ ची वही. अक्षरं बघा, हात फिरवा, गायला लागा.

यावर तेव्हाच्या पंडितांचा राग होता. १६११ च्या स्पॅनिश कोशात कोवार्रुबियासने तक्रार केली आहे, की गिटार इतकी सोपी झाली की तबेल्यातली पोरंही वादक होऊन बसली. लंडनच्या सॅम्युएल पीप्सने १६६७ साली कोर्बेत्ताचं वादन ऐकलं, त्याचं कौतुकही केलं, पण इतकी मेहनत असल्या वाद्यावर कशाला, असं डायरीत लिहून ठेवलं. मला मात्र कोवार्रुबियासची तक्रार वाचून आनंदाने उड्या माराव्याशा वाटल्या. तबेल्यातल्या पोराला पहिल्याच संध्याकाळी चार जणांत बसून वाजवता येत असेल, तर मला का नाही?

म्हणून मी माणसं गोळा करायला लागले. ऑफिसातले एक निवृत्तीला आलेले सरदारजी, ज्यांना सगळे अंकलजी म्हणतात, तरुणपणापासून व्हायोलिन वाजवतात. त्यांच्याकडे कीर्तन शिकणारी त्यांची भाची येते. ती तौस वाजवते. तौस म्हणजे मोराच्या आकाराचं, गजाने वाजवायचं, खोल आवाजाचं वाद्य. आणि मंडळातल्या आमच्या वहिनी, नाट्यसंगीत गाणाऱ्या, ज्यांच्या आवाजावर गणेशोत्सव उभा असतो. अंकलजींच्या बैठकीत आम्ही जमलो. मी गिटारचे फोटो दाखवले, तातीचे पडदे दाखवले. तौसवाली मुलगी बघतच राहिली आणि म्हणाली, “दीदी, एह तां साडे रबाब वरगी ए!”

अगदी खरं बोलली ती. भाई मर्दाना गुरू नानकांबरोबर रबाब घेऊन गावोगाव फिरले, ती तातीच्या तारांची रबाब पंजाबात मधल्या काळात मागे पडली. पेटी आली आणि गजाची, तातीची वाद्यं कोपऱ्यात गेली. आता रबाब, सारंदा, तौस, दिलरुबा पुन्हा शिकवताहेत. याला इकडे ‘तंती साज’ म्हणतात. २०२२ साली अकाल तख्ताने सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून पेटी हळूहळू कमी करून तंती साज आणायला सांगितलं. युरोपातही विसाव्या शतकात असंच झालं. बरोक काळातली वाद्यं संग्रहालयांतून उतरवली, त्यांच्या नकला बनवल्या, आतड्याच्या तारा लावल्या आणि जुन्या वह्यांतून वाजवायला सुरुवात केली. त्यातूनच जोर्दी सावालचं हेस्पेरियॉन, क्रिस्तिना प्लुहारची २००० साली सुरू झालेली लार्पेज्जाता अशी मंडळी पुढे आली. हे दोन प्रवाह चंदीगडच्या एका बैठकीत, एका सतरंजीवर भेटताहेत, हे मला त्या मुलीच्या एका वाक्याने दाखवलं.

आम्ही निवडली ती इटालियन संगीतकार मोंतेव्हेर्दीची ‘निंफेचा विलाप’, म्हणजे एका वनदेवीचा शोक, ही १६३८ साली छापलेली रचना. तळाशी फक्त चार उतरते स्वर. सा, कोमल नी, कोमल ध, प. परत सा, कोमल नी, कोमल ध, प. शेवटपर्यंत हेच. तौसवर मुलीने हे चार स्वर धरले आणि बैठकीतली हवाच बदलली. तबल्याच्या सोलोमागे लेहरा जसा फिरत राहतो तसा तो पाया फिरत होता. माझ्याकडे आल्फाबेतोची चार अक्षरं, डी, ए, जी, एफ; आजच्या भाषेत ए मायनर, जी, एफ, ई. आम्ही साधेपणाने एवढंच धरलं. मूळ रचनेत निंफेबरोबर तीन पुरुषांचे आवाज आहेत. त्यातला एक अंकलजींनी व्हायोलिनवर घेतला. आणि गाण्याचं काय? मोंतेव्हेर्दीने छापील सूचनाच दिली आहे: बाकीच्यांनी हाताच्या तालाने चालायचं, पण निंफेने मात्र तालाच्या हातात हात न घालता मनाच्या लयीने गायचं. मी वहिनींना एवढं सांगितलं आणि त्या हसल्या. “अगं, हे तर आम्ही रोजच करतो!” इटालियन शब्द त्यांनी देवनागरीत लिहून घेतले होते. ठेका आपल्या जागी चाललेला, आणि त्यांचा आवाज एखादं अक्षर मागे ओढून धरतो, पुढच्या सुरावर झोकून देतो, समेच्या आसपास घुटमळतो आणि नेमका पोचतो. त्या गातानाच माझ्या अंगावर काटा आला. चारशे वर्षांपूर्वी व्हेनिसमध्ये बसलेल्या माणसाला जे हवं होतं, ते आमच्या वहिनींच्या गळ्यात तयारच होतं!

आणि तिथे मला या गिटारचं काम कळलं. ती खर्ज वाजवत नाही, कारण खर्ज दुसऱ्या कुणाकडे असतो. तौसकडे, व्हायोला द गांबाकडे, थिओर्बोकडे. ती मध्ये बसून लय हलवते. विलापात अंगठ्याच्या मांसल भागाने, हळू, प्रत्येक तार वेगळी ऐकू येईल असा हात. आणि नाच आला की चारी बोटं उघडून रासगेआदो, म्हणजे बोटं एकामागून एक फेकत तारांवरून नेणं. इटालियन वह्यांत याचे प्रकारही सांगितलेत. ‘त्रिल्लो’ म्हणजे एका बोटाने झरझर वर-खाली. ‘रेपिक्को’ म्हणजे अंगठा आणि बाकीची बोटं मिळून त्याची नक्षी. हात चुकीच्या जोरात पडला तर गाणारा बुडतो, बरोबर पडला तर चौघंही एकदम उचलले जातात. निकोला मात्तेइसने १६८२ साली लंडनमध्ये बरोक गिटारवर साथ कशी करायची याचं अख्खं पुस्तकच काढलं, ते काही उगीच नाही.

इंग्रज संगीतकार परसेलच्या ‘डायडो अँड इनियस’ या ऑपेराविषयीचं एक टिपण वाचल्यापासून तर मी हवेतच आहे. १६८९ च्या छापील संहितेत दोन ठिकाणी गिटारवरच्या नाचाचा उल्लेख आहे, आणि मिळालेल्या स्वरलिपींत ते नाच लिहिलेलेच नाहीत! म्हणजे वादक जागेवरच वाजवत असणार, फिरत्या पायावर, आपल्या मनाने. आपल्याकडे यात आश्चर्य ते काय? पण मला ते पान बघून वाटलं, इथे मोकळी जागा सोडली आहे, या आणि भरा.

तातीच्या तारा मागवायचा माझा हट्ट अंकलजींनी तूर्त हाणून पाडला आहे. मे-जूनमध्ये चंदीगडची हवा लाकूड तडकवते, आणि जुलैत पाऊस सुरू झाला की आतडं ओलावा पिऊन सुरावरून घसरतं. त्यांनी घरची सारंगी सांभाळली आहे, त्यांना अनुभव आहे. इटलीतल्या व्हिचेन्झाची आक्विला कंपनी तातीसारखा आवाज देणाऱ्या कृत्रिम तारा बनवते, त्या मागवायचं ठरलं.

आता आम्ही आंद्रेआ फाल्कोनिएरीच्या नेपल्समधल्या १६५० च्या वहीकडे वळलो आहोत. त्यातला ‘चाकोना’ काढला आहे. हा नाच अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींतून १६०० च्या सुमारास स्पेनला आला असं मानतात. तीन मात्रांचा, खोडकर, आणि पाया इतका छोटा की दुसऱ्यांदा येईपर्यंत तोंडपाठ होतो. वहिनी यात गात नाहीत, पण त्यांनी टाळ आणायचं कबूल केलं आहे, आणि मुर्सियाच्या कुंबेवर ढोलकी चालेल का याची त्यांची आमच्या मंडळातल्या ढोलकीवाल्याशी बोलणी चालली आहेत. मला वाटतं चालेल. मेक्सिकोत व्हेराक्रुझकडे याच गिटारची लेक ‘हाराना’ अजून पाच जोडतारांनी वाजते, लाकडी फळीवर पाय आपटून नाचणाऱ्यांबरोबर. तिला ढोलकीचं वावडं कशाला असेल? अडचण एकच आहे. फाल्कोनिएरीला दोन व्हायोलिनं हवीत, एक प्रश्न विचारणारं आणि एक उत्तर देणारं, आणि आमच्याकडे अंकलजी एकटेच आहेत. तेव्हा चंदीगड, मोहाली, पंचकुला, कुठेही तुमच्या ओळखीत कुणी व्हायोलिन धरणारं असेल, अगदी नवशिकं असलं तरी चालेल, त्याला माझा निरोप द्या. पाया आम्ही धरून ठेवतो.